बूट घालून बसलेली माणसं

ऑफिसात मला पाठीमागून ‘अलार्म’ म्हणतात. मला ते माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे म्हणणाऱ्यांनाही माहीत आहे. आवाज मोठा आहे, कबूल. पण आपत्कालीन कक्षात बसून कुजबुजणाऱ्या बाईचा उपयोग काय, सांगा बरं?

आमचा कक्ष म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक लांब खोली. एका बाजूला खिडक्या, दुसऱ्या बाजूला भिंतभर पडदा, मध्ये टेबलं आणि टेबलांवर कायम कुणाचा तरी अर्धा प्यालेला चहा. पडद्यावर दिसतो तो फळा. त्या सॉफ्टवेअरचं खरं नाव भलतंच लांबलचक आहे, ते उच्चारून होईपर्यंत आग आपोआप विझेल. म्हणून आम्ही त्याला फळा म्हणतो.

फळ्याचं काम सोपं आहे. अग्निशमन, आरोग्य, वाहतूक, पाटबंधारे, पोलीस आणि शेजारच्या विभागाचा कक्ष, असे सगळे आपापल्या ऑफिसात बसून त्यावर लिहितात. एकाने लिहिलं की सगळ्यांना दिसतं. प्रत्येक नोंदीखाली प्रत्येक ऑफिसाचा एक चौकोन. वाचलं की ‘पाहिलं’ दाबायचं, चौकोनात खूण उमटते. सगळ्या चौकोनांत खुणा आल्या की नोंद हिरवी होते आणि सरकत सरकत तळाशी जाते. वर उरतं ते फक्त न वाचलेलं.

ही तळाशी जायची युक्ती माझी. फळा बसवताना बैठक झाली, तेव्हा मीच म्हटलं होतं, “घासलेली भांडी ओट्यावर कशाला? मांडणीत लावून टाका.” साहेब खूश झाले, आणि सॉफ्टवेअर करणारी मुलगी, तिला आम्ही सगळे सॉफ्टवेअरवाली म्हणतो, ती तर हसत हसत म्हणाली, “मॅडम, तुम्ही आमच्याकडे नोकरीला या.” मी महिनाभर हवेत होते.

आणि खरं सांगते, फळ्याला मी नावं ठेवणार नाही. तो यायच्या आधी आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ही आमच्याकडे म्हण नव्हती, रोजचा कारभार होता. एका गोदामाच्या आगीला एवढे बंब धावले की एकमेकांच्या वाटेत अडकले, आणि हॉस्पिटलला कळवायचं कुणाच्या ध्यानातच नाही. फळ्याने ती बोंबाबोंब थांबवली. कक्ष शांत झाला. इतका शांत की कधी कधी मलाच माझ्या आवाजाची लाज वाटायची.

पुराच्या दिवशी छान ऊन पडलं होतं. हा पुराचा मोठा लबाड प्रकार. पाऊस परवाच वर डोंगरात पडून गेलेला, इकडे आभाळ निळंशार, लोक दोरीवर कपडे वाळत घालतायत, आणि खाली नदी मुकाट्याने फुगतेय. पाटबंधाऱ्यांचे इंजिनियर पुलावर उभे राहून दर थोड्या वेळाने पाण्याची उंची फळ्यावर टाकत होते. पुलाच्या खांबावर रंगाचे पट्टे आहेत. पाणी पांढऱ्या पट्ट्यावर आलं की सावध, पिवळ्यावर आलं की काठ रिकामा करायचा, लाल पट्टा बुडाला की पूल बंद. सकाळी पाणी पांढऱ्यावर होतं. लाल बुडायला संध्याकाळ होईल असा सगळ्यांचा हिशेब होता, म्हणजे हातात भरपूर वेळ. साहेब तर म्हणाले, “असा पूर यावा, शिस्तीत.”

नदीच्या पलीकडे, पुलाच्या तोंडाशीच एक वृद्धाश्रम आहे. जागा तशी विचित्र. नदीने कधीकाळी वळण बदललं, त्यामुळे पलीकडचा तो तुकडा हद्दीने आमचा, पण त्याच्या मागचा रस्ता शेजारच्या विभागाचा, आणि तो रस्ता तर पाणी सगळ्यात आधी गिळतं. वृद्धाश्रमाला बाहेर पडायची खरी वाट एकच, पूल.

आणि त्या वृद्धाश्रमात माझ्या थोरल्या जाऊबाई राहतात.

आमचं सख्य विळ्याभोपळ्याचं. त्या जन्मभर मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर, म्हणजे घरातही रेक्टरच. मी लग्न होऊन आले तेव्हा चहात साखर किती, दाराची कडी कुठली, सगळ्यावर त्यांचा शेरा. मीही काही कमी नव्हते, जशास तसं देत गेले. पण मी या नोकरीला लागले तेव्हा माझी लेक पाळण्यात होती. सासूबाई नाक मुरडत होत्या, आमचे हे छताकडे बघत होते, आणि जाऊबाई म्हणाल्या, “तू जा. मी आहे इथे.” बस्स, एवढंच. आणि लेक शाळेत जायला लागेपर्यंत त्या खरोखरच होत्या. त्यांना स्वतःचं मूलबाळ नाही. मोठे दीर गेल्यावर घरच्या कुणी काही बोलायच्या आत त्यांनी स्वतःच वृद्धाश्रमात नाव घातलं. “कुणाच्या घरात जास्तीचं भांडं व्हायचं नाही मला,” म्हणाल्या. हल्ली गुडघे गेलेत, चार पावलांच्या वर चाकाची खुर्ची लागते, पण जीभ अजून धावते.

तर सकाळी आरोग्य खात्याने फळ्यावर नोंद टाकली. ‘पुलाजवळील वृद्धाश्रम. पाणी पिवळ्या पट्ट्यावर येण्याआधी सर्व रहिवाशांना हलवणे आवश्यक. काही जण चाकाच्या खुर्चीवर, काही अंथरुणावर.’ नोंद वाचताच मी ‘पाहिलं’ दाबलं. माझ्या पाठोपाठ पटापट खुणा उमटल्या. अग्निशमन, वाहतूक, पोलीस, पाटबंधारे, शेजारचा विभाग. चहा यायच्या आत नोंद हिरवी झाली आणि खाली गेली. मला अगदी समाधान वाटलं. कोण म्हणतं सरकारी ऑफिसं झोपलेली असतात?

मी लगेच जाऊबाईंना फोन लावला.

“जाऊबाई, तुम्हाला आज तिथून हलवणार आहेत. सगळ्यांना कळवलंय. तुम्ही फक्त तयार राहा.”

“तयार म्हणजे कशी?”

“पायात बूट, हातात औषधांची पिशवी. गाडी आली की वेळ घालवायचा नाही. सगळ्यांनाच सांगा.”

“बरं,” म्हणाल्या. “बाकीच्यांचं मी बघते, तुझा आवाज जरा कमी कर, कान गेला माझा.”

मग त्यांनी आमच्या घरच्या ग्रुपवरही लिहिलं. ‘नदी वाढते आहे. आम्हाला आज हलवणार. कुठे नेणार ते माहीत नाही.’ त्याखाली धाकट्या दिरांचा अंगठा आला. नणंदेचे जोडलेले हात आले. आमच्या ह्यांनी अंगठा टाकला. मीही एक टाकला, आणि वर लिहिलं, ‘काळजी नको, सगळं ठरलंय.’

त्यानंतर कामाची नुसती झुंबड उडाली. खालच्या वस्तीतली घरं, गुरांचा गोठा, पाण्यात अडकलेला एक ट्रक, ज्याचा चालक ट्रक सोडायला तयार नव्हता. एकेक नोंद वर यायची, खुणा उमटायच्या, हिरवी होऊन खाली जायची. सॉफ्टवेअरवाली मुद्दाम आली होती, आपला फळा खऱ्या पुरात कसा चालतो ते बघायला. कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसली होती आणि लेकराने पहिलं पाऊल टाकावं तशी पडद्याकडे बघत होती. दुपारी साहेबांनी वरच्या ऑफिसला फोनवर सांगितलं, “सगळं हिरवं आहे.”

दुपारचा चहा पुढ्यात आला आणि माझा फोन वाजला. जाऊबाई.

“धाकटे, गाडी कुठवर आलीय गं?”

“निघालीच असेल.”

“सकाळपासून निघालीच असेल. आम्ही सगळे पुढच्या खोलीत बूट घालून बसलोय. जेवणं पण बूट घालूनच केली. इथल्या व्यवस्थापकांनी दोनदा विचारलं, त्यांना वरून उत्तर आलं, सर्व संबंधितांना माहिती आहे. आता अंगणात पाणी आलंय. थोडंसंच आहे, मी घाबरले नाही, पण विचारावं म्हटलं.”

मी चहा बाजूला सारला. या बाईने उभ्या जन्मात मला स्वतःहून काही विचारलेलं नाही. सांगितलंय, सुनावलंय, पण विचारलेलं नाही.

“बघते,” म्हटलं आणि फळ्यावर शोधायला लागले. वर नोंद नव्हतीच. खाली गेले, आणखी खाली गेले. गोठा, ट्रक, घरं, सगळ्यांच्या खाली ती पडली होती, अगदी सकाळच्या तळाशी, छान हिरवीगार, सगळ्या चौकोनांत खुणा.

मी अग्निशमनला फोन लावला. तिथले अधिकारी शांतपणे म्हणाले, “आमची माणसं तयार आहेत ना बाई. उचलायला लागतील तिथे देतो. पण गाड्या वाहतुकीच्या.” वाहतुकीला लावला. “बस उभी आहे, चालक बसलाय. किती बसणारे, किती झोपलेले, ते आरोग्य सांगणार होतं.” आरोग्याला लावला. “आम्ही तर नोंद टाकली! पुढचं तुमच्या कक्षाने बघायचं, नाही का?” शेजारच्या विभागाला लावला. तिकडची बाई गोड आवाजात म्हणाली, “हद्द तुमची आहे ना? आम्ही पाहिलं, आम्हाला वाटलं तुम्ही पाठवलं.”

मी फोन ठेवला. खोटं कुणीच बोललं नव्हतं. हात कुणी झटकले नव्हते. सगळे जागे होते, सगळे तयार होते, सगळ्यांनी वाचलं होतं. आणि जायला कुणीच निघालं नव्हतं. बारभाईंचा कारभार आम्ही मोडून काढला म्हणून मी मिरवत होते, आणि तोच कारभार आता हिरव्या रंगात भिंतीवर लागला होता.

“साहेब!” मी ओरडले. अलार्मच वाजला म्हणा. सगळी खोली वळून बघायला लागली. “वृद्धाश्रमाला कोण गेलंय?”

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. “बाई, ते तर हिरवं आहे.”

“हिरवं आहे म्हणून तर विचारतेय! हिरवं म्हणजे सगळ्यांनी वाचलं. गेलं कोण?”

कोपऱ्यात सॉफ्टवेअरवाली उठून उभी राहिली होती, तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. “मी विचारलंच नाही,” ती हळूच म्हणाली. “कोणी वाचलं ते विचारलं. कोण जातंय ते विचारणारी जागाच ठेवली नाही मी.”

“आम्ही तरी कुठे मागितली?” मी म्हटलं. पोरीला रडू येईल असं वाटलं, आणि रडायला आत्ता वेळ नव्हता. “ते मागाहून. आता मी जाते.”

“तुम्ही?” साहेब म्हणाले. “तुमची जागा इथे आहे. कक्ष सोडून कसं चालेल?”

“साहेब, उंटावरून शेळ्या हाकण्यात माझी हयात गेली. आज एकदा उंटावरून उतरू दे. तिथे माझी जाऊ आहे. आणि ती नसती तरी कुणीतरी जायला हवंच आहे, आणि कुणीतरी म्हणजे कोण, ते मला एवढ्यातच कळलंय.”

साहेबांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. तसा माणूस वाईट नाही, फक्त हिरवा रंग त्याला फार आवडतो. त्याने कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावला आणि माझ्या खुर्चीत बसला. “जा. फोन मी घेतो.”

सॉफ्टवेअरवालीने तोवर ती नोंद उघडली होती. “मॅडम, नवीन नोंद टाकते. काय लिहू?”

“लिही, वृद्धाश्रमाला मी निघाले आहे.”

“मी म्हणजे? कक्ष लिहू?”

“कक्षाला पाय असतात का गं? अलार्म लिही. सगळे ओळखतात.”

तिने तसंच लिहिलं. सरकारी फळ्यावर, सगळ्या खात्यांसमोर, ‘वृद्धाश्रमाला मी निघाले आहे. अलार्म.’ मी दाराशी पोचले तोवर खाली उत्तरं यायला लागली होती. खुणा नव्हेत, उत्तरं. साहेब मोठ्याने वाचत होते. “बस घेऊन मी निघतो, चालक.” “आम्ही चौघे येतो, खुर्च्या उचलायला.” “झोपलेल्यांसाठी रुग्णवाहिका, डॉक्टरीण बरोबर आहे.” मी जिना उतरायला लागले. ही सगळी माणसं सकाळपासून तिथे होतीच की हो. पहिल्याने ‘मी’ म्हणायची खोटी होती.

आमच्या ऑफिसची जीप मामा चालवतात. मामा म्हणजे कुणाचे मामा ते विचारू नका, सगळ्या ऑफिसाचे. रस्त्यात एक शब्द बोलले नाहीत, फक्त पुलाजवळ आल्यावर म्हणाले, “ताई, पाणी काही फार घाईत दिसत नाही.”

खरंच नव्हतं. पुलाखालून ते शांतपणे जात होतं, तपकिरी, रुंद, वर उन्हाची चमक. बघणाऱ्याला वाटावं, किती सुंदर. पिवळा पट्टा केव्हाच बुडाला होता, लालची खालची कड ओली होत होती. पाटबंधाऱ्यांचे इंजिनियर टोपी घालून कठड्याशी उभे होते.

“बाई, लाल बुडेपर्यंत पूल तुमचा,” ते म्हणाले. “बुडाला की माझ्या बापाचंही ऐकणार नाही.”

“आणि मी सांगणार पण नाही,” मी म्हटलं. “तुम्ही तुमचं काम करा.”

वृद्धाश्रमाच्या अंगणात घोट्याएवढं पाणी होतं. कुंड्या पाण्यात उभ्या होत्या. व्यवस्थापक पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून दारात उभे, आणि मला बघून त्यांनी असा सुस्कारा सोडला की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या खोलीचा उंबरा ओलांडून आत गेले आणि तिथेच थबकले.

भिंतीच्या कडेने खुर्च्या मांडल्या होत्या आणि सगळे बसले होते. म्हातारे, म्हाताऱ्या. प्रत्येकाच्या पायात बूट, प्रत्येकाच्या मांडीवर पिशवी. एका आजोबांनी डोक्यावर टोपी आणि गळ्यात मफलर घातला होता, उन्हाळ्यासारखं ऊन असताना. एक आजी बसल्या बसल्या झोपून गेल्या होत्या, पण पिशवी दोन्ही हातांनी धरलेली. कुणी तक्रार केली नाही. शाळेची सहल निघायची असावी आणि बस यायला उशीर झालेला असावा, तसे सगळे माझ्याकडे बघत होते.

कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीत जाऊबाई. पाठ ताठ, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, नाड्यांच्या गाठी अगदी चोख.

“तूच आलीस?” त्या म्हणाल्या.

“मीच आले.”

“मग सकाळीच यायचं. कळवलंय म्हणालीस, मला वाटलं कुणीतरी येणार आहे.”

त्यांच्या आवाजात राग असता तर मी भांडले असते. राग नव्हता. वसतिगृहातली एखादी मुलगी परीक्षेत नापास झाली की तिला जवळ घेऊन बोलतात, त्या आवाजात त्या बोलल्या. ते मला फार लागलं.

मग बस आली, अग्निशमनचे चौघे आले, रुग्णवाहिका आली, आणि खोली एकदम हलायला लागली. झोपलेल्यांना आधी नेलं. मग खुर्च्या. अग्निशमनची पोरं एकेका आजोबांना अशी अलगद उचलत होती की आजोबा वरून सूचना देत होते, “डावीकडे कुंडी आहे, सांभाळ.” मी जाऊबाईंच्या खुर्चीला हात घातला, तर त्यांनी माझ्या हातावर चापट मारली.

“आधी बाकीचे. मुली सगळ्या मोजून बसल्याशिवाय रेक्टर बसत नाही.”

“जाऊबाई, इथे मुली कुठल्या? लाल पट्टा बुडत आलाय.”

“म्हणून तर म्हणते, बडबड कमी कर आणि त्या झोपलेल्या आजींना उठव. त्यांना कमी ऐकू येतं, तुझ्याच आवाजाची गरज आहे.”

मी उठवलं. उठवलं म्हणजे काय, सगळ्या वृद्धाश्रमाने दचकून पाहिलं. तेवढ्यातही चार म्हाताऱ्या हसल्या.

सगळ्यात शेवटी जाऊबाई. मी एका बाजूने, मामा दुसऱ्या बाजूने, पाण्यातून खुर्ची ढकलत जीपपर्यंत आणली. जाऊबाईंनी पाय वर धरले होते, बूट भिजू नयेत म्हणून. बस पुढे, रुग्णवाहिका पुढे, आमची जीप मागे. पुलावर चढलो तेव्हा खाली पाहायचं मी टाळलं. अलीकडे उतरलो आणि मागे पाहिलं, तर इंजिनियर साहेबांनी फाटक लावलं होतं. माझ्याकडे पाहून त्यांनी टोपीला हात लावला. जाऊबाईंनीही हात वर केला, जशी काही त्यांचीच ओळख आहे.

मी फोनवरून कक्षाला सांगितलं, “सगळे अलीकडे आले.” तिकडून साहेबांचा आवाज आला, “कोण कोण?” मी म्हटलं, “सगळे हो, साहेब. एक न एक.” फोनवर मागे कुणीतरी हुंदका दिला. सॉफ्टवेअरवाली असावी. रडू दे, आता वेळ होता.

सगळ्यांना शाळेच्या सभागृहात आणलं. तिथे सतरंज्या, गाद्या, पाण्याची पिंपं, सगळी सोय होती. दाराशी एक मुलगी टॅबलेट घेऊन येणाऱ्या प्रत्येकाची नोंद करत होती. तोच आमचा फळा, त्याचाच एक भाग. एकेकाचे नातेवाईक येत होते, कुणाचा मुलगा, कुणाची भाची. नाव सांगायचे, सही करायचे, आपल्या माणसाला घरी न्यायचे. ज्यांचं कुणी आलं नव्हतं ते गाद्यांवर बसत होते. वृद्धाश्रमाच्या तळमजल्यात आता कमरेएवढं पाणी होतं. तिथे परत कधी जाता येईल, जाता येईल की नाही, हे व्यवस्थापकांनाही सांगता येत नव्हतं.

आमचा नंबर आला.

“आजी, तुमच्याबरोबर कोण आहे?” मुलीने विचारलं.

“पिशवी आहे,” जाऊबाई म्हणाल्या.

मुलगी हसली. “तसं नाही. तुम्हाला घरी कोण नेणार आहे? या चौकोनात नाव लिहावंच लागतं. नसेल कुणी तर इथेच राहायचं, जागा आहे.”

जाऊबाईंनी पिशवीतून फोन काढला, डोळ्यांपासून लांब धरून घरचा ग्रुप उघडला आणि मुलीपुढे केला. “हे बघ. हे माझे धाकटे दीर, हा त्यांचा अंगठा. ही नणंद, हे तिचे हात. हा मधल्या दिरांचा, हिच्या नवऱ्याचा, अंगठा. आणि हा हिचा.” माझ्याकडे मान वळवली. “यातलं काय चालतं तुझ्या चौकोनात?”

मुलगी गोंधळली. टोमणा तिला नव्हताच. मला होता, आणि तो अगदी नेमका जिथे बसायचा तिथे बसला. सकाळी मी दोन ठिकाणी खूण केली होती, एक फळ्यावर, एक घरच्या ग्रुपवर. एक तर पाण्यातून जाऊन निस्तरली. दुसरी माझ्यासमोर खुर्चीत बसली होती, पाठ ताठ ठेवून, गादीवर कुठली जागा बरी ते शोधत.

मी मुलीच्या हातातून टॅबलेट घेतला आणि चौकोनात लिहिलं. ‘धाकटी जाऊ.’

जाऊबाईंनी वाकून वाचलं. शुद्धलेखन तपासत असतील, त्यांचा काही नेम नाही. मग म्हणाल्या, “घरी विचारलंस?”

“कळवेन.”

“आणि किती दिवस?”

“ते या चौकोनात विचारलेलं नाही.”

“मला विचारायचंय.”

“जाऊबाई,” मी म्हटलं, आणि माझा आवाज इतका बारीक निघाला की तो माझाच आहे हे मला पटेना, “तुम्ही चला. मी आहे.”

त्यांनी फोन पिशवीत ठेवला. मग पाय थोडे पुढे केले.

“मग आता हे बूट काढ.”

मी खाली बसले. नाडी सुटेना, गाठीवर गाठ मारलेली. दिवसभर पाय लोंबकळत ठेवून घोटे सुजले होते, बुटाची कड कातडीत रुतली होती. नखाने गाठ सोडवता सोडवता मी वैतागून म्हटलं, “एवढे घट्ट कशाला बांधायचे?”

“तू म्हणाली होतीस ना,” जाऊबाई म्हणाल्या, “गाडी आली की वेळ घालवायचा नाही.”